पत्र ऋतुजास

देवगड

चि. ऋतुजा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर 'आई, हजार मीटरमधून नाव काढून घेते' म्हणालीस आणि माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. लेहहून पाठवलेला तुझा बर्फावरच्या स्केटिंगचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला. सरळ पट्ट्यात तुझी नजर लांब असते. वळण आलं की पायांकडे जाते. तू पडलीस तेच वळण. पाय पोचायच्या आधी भीती तिथे जाऊन बसलेली असते गं.

बर्फावर स्केटिंगच्या शर्यती करणाऱ्या अमेरिकेच्या डॅन जॅन्सनबद्दल बाबांनी वाचून दाखवलं. 1988 साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 500 मीटरच्या दिवशी सकाळीच त्याची बहीण जेन रक्ताच्या कर्करोगाने गेली. त्या शर्यतीत तो पडला, चार दिवसांनी हजारातही पडला. 1992 ला पदक नाही. त्याची आवडती 500, हजाराची त्याला धास्ती. मग जिम लोहर या मानसशास्त्रज्ञाने त्याला रोज लिहायला लावलं, 'मला हजार मीटर आवडते.' 1994 ला लिलेहॅमरला 500 मध्ये पुन्हा पाय घसरला, आठवा आला. आणि त्यानंतरची हजार? 1 मिनिट 12.43 सेकंद, विश्वविक्रम, सुवर्णपदक! त्यातही वळणावर जरासा घसरला होता, पण सावरला. छोट्या लेकीला कडेवर घेऊन त्याने फेरी मारली. तिचंही नाव जेन. इथे बाबांचा आवाज अडखळला.

नुसतं लिहून पदक मिळत नाही, मेहनत त्याने वर्षानुवर्षं केलीच होती. पण तुझी मेहनतही कुठे कमी आहे? रत्नागिरीच्या तापलेल्या सिमेंटवर चाकांचे स्केट्स घालून घोटे सोलवटून घेतलेस, ते मी पाहिलंय.

एक चूक माझीही आहे. प्रत्येक शर्यतीआधी मी फोन करून 'सांभाळ हां, पडू नको' म्हणत आले. म्हणजे निघतानाच तुझ्या मनात पडणं मीच घालत होते. आता नाही म्हणणार. 'वळणातून बाहेर कुठे निघायचंय तिकडे बघ' एवढंच म्हणेन.

नाव काढायचं की ठेवायचं ते तू आणि सर ठरवा, आम्ही रागावणार नाही. पण आठ दिवस थांब. सोबतच्या पार्सलमध्ये आमसुलांच्या पुडीखाली एक वही ठेवलेय. पहिल्या पानावर तारीख मी घातलेय, वाक्य तुझं तू लिही.

कलमांना मोहोर छान आलाय. बाबा फवारणीला गेलेत.

तुझी,
आई