लेन्सला पाणी नको, हे ठळक छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कॉन्टॅक्ट लेन्सवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ‘सोल्यूशन संपलं असेल तर एखाद्या रात्रीपुरती लेन्स स्वच्छ पाण्यात ठेवली तरी चालते,’ असं त्यात छापलं आहे. (सोल्यूशन म्हणजे लेन्स धुवायचं आणि बुडवून ठेवायचं जंतुनाशक द्रव.) चालत नाही. एक रात्रही चालत नाही. आमच्या घरात नेमकी हीच समजूत होती आणि ती माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याला भोवली.

मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. निष्काळजी मुळीच नव्हती. साबणाने हात धुतल्याशिवाय तिने कधी लेन्सला बोट लावलं नाही. पण हात नीट कोरडे करायचे असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लेन्सची डबी ती रोज नळाखाली विसळायची आणि बाटली संपत आली की डबीतल्या कालच्या सोल्यूशनमध्येच थोडं नवं ओतायची. मी हे रोज बघत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचं दुःख आजही आहे.

एके दिवशी लेन्स खुपायला लागली. तिने काढली, पाण्याने धुतली आणि परत घातली. का, तर जवळ चष्माच नव्हता. जुन्या चष्म्याचा नंबर बदलला होता आणि ‘आता लेन्स आहेत, चष्मा कशाला’ म्हणून नवा केला नव्हता. तुमच्या लेखाचा मथळाच चष्मा फेकून द्या असं सांगतो. अहो, ज्याच्याकडे चष्मा नाही, तो डोळा लाल झाला तरी लेन्सच घालणार ना? लेन्स वापरणाऱ्याकडे चालू नंबरचा चष्मा असलाच पाहिजे, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळे आले असतील म्हणून घरात पडलेले कुणाचे तरी ड्रॉप्स घातले. त्यात स्टिरॉइड होतं आणि त्याने दुखणं आणखी वाढलं, हे नंतर कळलं. पहिल्या डॉक्टरांनी विषाणूचा संसर्ग समजून दोन आठवडे उपचार केले. दुखणं मात्र असं की पोर उशीत तोंड खुपसून ओरडायची. वरून दिसायला डोळा इतका वाईट दिसत नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी बसल्या बसल्या विचारलं, ‘लेन्सला पाणी लागायचं का? डबी आणली आहे का?’ मी घरी जाऊन डबी घेऊन आले. बाहेरून पांढरीशुभ्र होती. वाटेत झाकण उघडून आत बोट फिरवलं तर कडेला शेवाळासारखं बुळबुळीत लागलं. बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, खरवडून घेतलेल्या नमुन्यात आणि त्या डबीत एकच जीव सापडला, अकांथामिबा.

हा अमिबा नळाच्या पाण्यात, मातीत, पोहण्याच्या तलावात असतो. पाणी प्यायल्याने तो काही करत नाही, म्हणूनच पिण्याचं स्वच्छ पाणी लेन्सलाही चालेल असं वाटतं. पण तो स्वतःभोवती कोश तयार करतो आणि त्या कोशावर पाण्यातल्या क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. लेन्सला चिकटून तो बुबुळापर्यंत पोचतो आणि एवढासा ओरखडा मिळाला तरी आत शिरतो. लेन्स घालून पोहू नका, अंघोळ करू नका म्हणतात ते यासाठीच.

सुरुवातीला दर तासाला ड्रॉप्स होते, रात्रीसुद्धा. दोन बाटल्या, मध्ये पाच मिनिटांचं अंतर. मी गजर लावून बसायची. काही दिवसांनी गजर झाला की ती झोपेतच स्वतःच्या बोटाने पापणी वर धरायची. असं अकरा महिने औषध चाललं. डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. आता त्या डोळ्याने तिला माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. बुबुळ प्रत्यारोपणाचं पुढे बघू म्हणाले आहेत.

नव्या लेन्समधून हवा जाते म्हणून त्या घालून निर्धास्त झोपा, हे लेखातलं वाक्यही तसंच घातक आहे. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो, आणि पापणी मिटली की तो कमी होतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या पाहणीत दिवसाच मऊ लेन्स घालणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांत साधारण 2 जणांना बुबुळाचा जंतुसंसर्ग झाला होता, तर रात्रीही ठेवणाऱ्यांत साधारण 20 जणांना. तुम्ही म्हणता त्या नव्या, सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स घालून झोपणाऱ्यांतही हे प्रमाण कमी आढळलं नाही.

लेखासोबतच्या फोटोबद्दलही बोलते. बेसिनपाशी उभी मुलगी, मागे नळ सोडलेला, बोटाच्या टोकावर लेन्स. हजार शब्द वाचणार नाहीत ते फोटो बघतात आणि तेच करतात. मागे याच पुरवणीत डोळे आल्यावरचे घरगुती उपाय आले होते, तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. साधी पोचही आली नाही.

तेव्हा विनंती अशी. चूक छापलीत त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दिलगिरी नको. लेन्स आणि डबी दोन्हींना पाणी लावू नये. रोज रात्री लेन्स नव्या सोल्यूशनने तळहातावर चोळून धुवावी. सकाळी डबीतलं सगळं ओतून टाकून ती सोल्यूशननेच धुवावी, कोरडी पुसून उपडी ठेवावी आणि तीन महिन्यांत बदलावी. नुसत्या सलाईनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, जंतू मरत नाहीत. डोळा दुखला, लाल झाला, उजेड खुपला तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं आणि जाताना लेन्स व डबी बरोबर न्यावी. आम्हाला ती डबी दोन आठवडे आधी कुणी मागितली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

कळावे.
आपली,
त्या मुलीची आई