मागे राहिले म्हणून दुबळे ठरवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पानावर अमेरिकी कॉलेज फुटबॉलवरचा लेख वाचला. एरवी मराठीत या विषयाकडे कुणी वळत नाही, त्याबद्दल आभार. पण पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांत साखळी सामने खेळणारा गट, मोडली ती ‘दुबळ्या संघांचे ओझे’ झाल्यामुळे, हे लेखकाने कशाच्या आधारावर लिहिले? शेवटी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे मागे राहिली; त्यांतल्या वॉशिंग्टन स्टेटचा मी माजी विद्यार्थी आहे. संताप आवरून लिहितो आहे.

दुबळे कोण होते ते पाहा. २०२१ च्या हंगामात लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठाने अवघे ४ सामने जिंकले. त्याच हंगामात ओरेगन स्टेटने लॉस एंजेलिसला जाऊन त्यांना ४५-२७ असे हरवले. पुढच्याच जूनमध्ये यूएससी आणि त्याच शहरातल्या यूसीएलएने पॅक-१२ सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सचा रस्ता धरला आणि त्यांना मानाने घेतले गेले. आमच्या संघाने २०१८ मध्ये ११ सामने जिंकले होते. ते कुणी मोजले नाहीत, कारण आमच्या विद्यापीठाच्या पुलमन गावाच्या आसपास गव्हाची शेते आहेत, टीव्हीचे लाखो ग्राहक नाहीत. घरातल्या वाटणीत थोरल्यांनी बागायत उचलावी आणि धाकट्यांना कसता येत नाही म्हणून हिणवावे, तसला हा लेख आहे.

बिग टेनचा २०२२ चा प्रक्षेपण करार ७ वर्षांचा आणि ७ अब्ज डॉलरच्या घरातला. पॅक-१२ ला तसा करार जमला नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात पाच विद्यापीठे निघून गेली. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर कमी वाटा कबूल करून अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेली! फुटबॉलबरोबर बाकीचे खेळही नव्या कॉन्फरन्समध्ये गेले, म्हणून लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉलच्या मुली आता न्यू जर्सीपर्यंत, चार हजार किलोमीटरच्या आसपास, साखळी सामन्यांसाठी जातात. त्या मुलींच्या परीक्षांचे काय, हा प्रश्न लेखकाला पडला नाही.

मला मात्र राग आहे तो ॲपल कपचा. ॲपल कप म्हणजे आमच्या राज्यातल्या वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट या दोन विद्यापीठांचा आपसातला सामना; ती १९०० सालापासून खेळत आली आहेत. हा सामना नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात व्हायचा. २०१२ मध्ये तो पुलमनला होता आणि मी गावातल्या एका खाणावळीत भांडी घासत होतो. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आम्ही १८ गुणांनी मागे. स्वयंपाकघरातल्या रेडिओभोवती आचारी, मालकीणबाई, मी, सगळे हातातली कामे टाकून उभे राहिलो. ज्यादा वेळेत ३१-२८ असा आम्ही जिंकलो आणि पुढच्या अर्ध्या तासात दाराबाहेर रांग लागली. मुले सुट्टीसाठी घरी गेली की गाव रिकामे होते, पुढे नाताळ आणि बर्फ. त्या एका दिवसाच्या गल्ल्यावर बाई हिवाळा काढत. वॉशिंग्टनही बिग टेनमध्ये गेले, आणि आता ॲपल कप सप्टेंबरात खेळवतात. सप्टेंबरात गाव तसेही भरलेले असते. नोव्हेंबरची ती गर्दी गेली, आणि बाईंनी हिवाळ्यापुरती खाणावळ बंद ठेवायला सुरुवात केली. याला आपले लेखक ‘बाजाराचा नैसर्गिक कौल’ म्हणतात. निसर्गाने नाही, माणसांनी बैठका घेऊन ठरवलेले आहे हे!

आणि हे मागे राहिलेले गप्प बसले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोलफॅक्सच्या न्यायालयात या दोन विद्यापीठांनी कॉन्फरन्सचा कारभार आपल्याकडे मिळवला. बोइसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट वगैरेंना २०२६ च्या हंगामापासून घेऊन पॅक-१२ पुन्हा उभी करण्याचे त्यांनी ठरवले. लेखात याची एक ओळ नाही. हे अनवधानाने राहिले असेल, तर कृपया दुरुस्ती छापावी.

शेवटी एक आपल्या घरचे. अमेरिकेतल्या अब्जावधी डॉलरसाठी आपण अर्धे पान दिले. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांच्या अश्वमेध स्पर्धेच्या निकालांना गेल्या खेपेला आपल्या अंकात जागा मिळाली नाही. माझी भाची तिच्या विद्यापीठाच्या खो-खो संघात होती. मी इथून रोज ई-पेपर चाळत होतो. त्यांचा संघ कुठवर पोहोचला हे मला शेवटी तिला फोन करून विचारावे लागले.

– एक वर्गणीदार, स्पोकेन, वॉशिंग्टन राज्य