कृतिदेवमधली प्रश्नपत्रिका बंद करा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांतून दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी संगणक मागणारी पत्रे आपल्याकडे येतच असतील. या पत्रात ती मागणी नाही. शाळेत असलेल्या विंडोजच्या संगणकावरही अंध विद्यार्थी काम करू शकतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो आणि त्यासोबतच्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रणालीत मराठी आवाज आहे. आवाज खरखरीत आहे, पण कान सरावतो.

घोडे अडते ते प्रश्नपत्रिकेपाशी. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, फाइलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. कृतिदेवमधल्या 'काम' या शब्दाखाली डी, के, ई अशी तीन अक्षरे आहेत. डोळस माणूस 'काम' वाचतो, स्क्रीन रीडर डी-के-ई म्हणतो. अख्खी प्रश्नपत्रिका अशीच ऐकावी लागते. युनिकोडमध्ये फाइलमध्येही मराठी अक्षरेच साठतात, आणि युनिकोड वापरा हे शासनाचेच सांगणे. परीक्षेच्या फायलींना ते लागू नाही का?

जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली तरी काम संपत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफारही जागा बदलतो. म्हणून रूपांतरानंतर वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून पाहावीच लागतात. मग ती फाइल छापून, स्कॅन करून पीडीएफ पाठवू नये. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात वाचायला अक्षरेच नसतात. मूळ वर्ड फाइल द्यावी आणि आकृतीखाली तिचे वर्णन दोन ओळींत लिहावे.

संगणक कक्षाकडे वळू. एनव्हीडीए पेनड्राइव्हवरून चालते, पण त्या प्रतीला लॉगिनचा पडदा वाचता येत नाही. परीक्षेच्या यंत्रावर ते इन्स्टॉलच करावे लागते आणि त्याला अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो, जो बहुतेकदा पुरवठादाराकडे असतो. तो मुख्याध्यापकांकडे सोपवण्याची अट खरेदीच्या करारातच घाला. नमलॉक बंद ठेवायला शिकवा. तो चालू राहिला की ओळ वाचायची, उजवीकडच्या आकड्यांच्या गटातली बटणे उत्तरात आकडे टाकतात. प्रत्येकी एक हेडफोन हवाच, नाहीतर एका खोलीत दोन यंत्रे बोलू लागली की कुणालाच काही कळत नाही.

अल्पदृष्टी विद्यार्थ्याला विंडोज आणि अधिक चिन्ह एकत्र दाबल्यावर उघडणारा मॅग्निफायर पुरतो. हात थरथरणाऱ्या मुलासाठी शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज (एकत्र दाबायची बटणे एकेक करून दाबू देणारी सोय) सुरू होते, पण दोन बटणे चुकून एकत्र दाबली गेली की ती बंदही पडते. दोन बटणे एकत्र दाबल्यावर ती बंद करण्याच्या पर्यायापुढची खूण सेटिंगमधून काढून ठेवावी लागते. हे शिक्षकाला कुणी सांगतच नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत योग्य सहायक साधने मोफत द्यायची आहेत. आमच्या मते ती नीट लावून देणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.

शेवटची गोष्ट विजेची. वर्डची आपोआप जतन होण्याची मुदत मुळात १० मिनिटांची असते. ती १ मिनिटावर आणावी आणि परीक्षेच्या यंत्राला यूपीएस जोडावा. वीज गेल्यावर गेलेले उत्तर पुन्हा लिहिण्यात परीक्षेचा वेळ जातो.

आपले,
मराठवाड्यातील काही विशेष शिक्षक आणि संगणक शिक्षक