ला कॅम्ब्यूजचं पाणी वाचायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार. नाव कुठे येऊ द्यायचं नाही, ही तुमची अट पाळतो आहोत. पण मॉरिशसच्या आग्नेय टोकाला, विमानतळाजवळच्या ला कॅम्ब्यूजच्या किनाऱ्यावर येणाऱ्या मराठी कुटुंबांना तुम्ही जे शिकवता, त्याबद्दल चारचौघांत आभार मानायलाच हवेत. आणि मानायचे तर तुम्ही काय शिकवलंत ते नीट लिहूनच.

कोकणात वाढलेला माणूस समुद्रावर जायच्या आधी तिथी बघतो. मुंबईला अमावस्या-पौर्णिमेला पाणी चार-चार मीटर चढतं-उतरतं, तेव्हा ती सवय बरोबरच आहे. मॉरिशसला मात्र उधाणातसुद्धा हा फरक जेमतेम अर्धा मीटर असतो. त्यामुळे नुसतं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ‘आज पाणी शांत’ म्हणणारा इथे फसतो. इथे बघायचा तो प्रवाळाचा बांध. लाटा त्याच्यावर फुटतात, पाणी उसळून आतल्या लगूनमध्ये, म्हणजे बांध आणि किनारा यांच्यामधल्या उथळ पाण्यात, पडतं, आणि आत साठलेलं पाणी बांधातल्या खिंडीतून, ज्याला तुम्ही ‘पास’ म्हणता तिथून, परत बाहेर धावतं. बाहेरच्या लाटा जेवढ्या मोठ्या, तेवढी पासची ओढ जास्त. ओहोटी लागली की ती आणखी वाढते. दूर दक्षिणेत वादळ झालं की त्याची उसळ काही दिवसांनी इथे पोचते, तेव्हा वर लख्ख ऊन असतं आणि वाराही पडलेला असू शकतो. म्हणजे आभाळ बघूनही कळत नाही.

म्हणून तुमची पहिली शिस्त: पाण्यात पाय घालायच्या आधी वाळूच्या उंचवट्यावर दहा मिनिटं उभं राहायचं. बांधावर फेसाची पांढरी रेघ दिसते. ती जिथे तुटते, पाणी गडद आणि गुळगुळीत दिसतं, तो पास. नवख्याला नेमकी तीच जागा पोहायला छान वाटते, कारण तिथे लाट फुटत नाही! मग गुडघाभर पाण्यात सुरूचं एक बोंड टाकायचं आणि त्याच्या बरोबरीने काठाने चालायचं. बोंड जागच्या जागी डुलत राहिलं तर ठीक. ते बाहेरच्या दिशेने सरकू लागलं तर त्या जागी कंबरेच्या वर जायचं नाही. आपल्या चालीने पळू लागलं तर लहान-मोठं कोणीच उतरायचं नाही. मीटरभर दर सेकंदाची ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही फार वेळ कापता येत नाही.

ओढीत सापडलंच तर काठाकडे तोंड करून हातपाय मारायचे नाहीत, त्यानेच माणूस थकतो आणि बुडतो. पाठीवर तरंगायचं, एक हात वर करून हाक मारायची, आणि दम असेपर्यंत किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत राहायचं. हे लवकर करायला हवं. पासपर्यंत पोचल्यावर दोन्ही बाजूंना प्रवाळ आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा असतात, तिथे चढायला गेलं तर अंग सोलून निघतं. काठावरच्याने मागोमाग उडी न घेता तरंगेल असं काहीतरी, रिकामा झाकणबंद कॅन चालेल, फेकायचं आणि ११४ ला, म्हणजे तातडीच्या रुग्णवाहिकेला, फोन लावायचा. दक्षिण टोकाच्या सुइयाक गावातल्या ग्री-ग्री किनाऱ्याला तर समोर बांधच नाही. तिथे पाण्यात जायचंच नाही, हे तुम्ही प्रत्येकाला दोनदा सांगता, ते योग्यच.

पायांबद्दलही तुमचं ऐकलं म्हणून बरं झालं. तुमचा ‘लाफ’, म्हणजे स्टोनफिश, दगडासारखा निपचित पडून असतो आणि त्याच्या पाठीवर १३ विषारी काटे असतात. पाय घासत चालल्याने पाकट बाजूला होतो, लाफ हलत नाही. म्हणून जाड, कडक तळव्याचे बूट घालायचे आणि शक्यतो स्वच्छ वाळूवरूनच चालायचं. काटा टोचलाच तर बर्फ नाही, करकचून बांधणं नाही. सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवायचा, पाणी निवलं की बदलायचं, आणि तसंच दवाखाना गाठायचा. हे विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून वेदना उतरते. त्यासाठीच तुम्ही दोन लिटरचा थर्मास आणायला लावता. एक भाग उकळतं, तीन भाग गार, आणि हात घालून बघायचा तो दुसऱ्याने किंवा धडधाकट बाजूचा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.

बाकी तयारी सोपी आहे. तिथे दुकानाच्या भरवशावर राहू नये. माणशी तीन लिटर पाणी आणि डाळपुऱ्या येतानाच घ्याव्यात. वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे समजत नाही, आणि जानेवारीत सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो.

सुरूच्या सावलीत मात्र बेफिकीर राहू नये. वाळलेल्या सुयांत ठिणगी धुमसत राहते. वाळू टाकून विस्तव झाकला तर निखारा खाली तसाच राहतो आणि तासाभराने एखाद्या पोराचा पाय भाजतो. विस्तव पाण्यानेच विझवायचा, दोनदा. आणि ‘बतात्राँ’, म्हणजे आपली मर्यादवेल! तिच्यावर गाडी उभी करू देत नाही म्हणून लोक तुमच्यावर चिडतात. पण वाळू धरून ठेवते ती हीच. सुरूची मुळं उथळ असतात. लाट खालून वाळू नेते आणि झाड आडवं होतं.

२०२० मध्ये शेजारच्या पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर ‘वाकाशिओ’ हे जहाज चढलं आणि तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले. तुमची ती पाचट कोंबायची गाठ आता आम्हालाही येते. ती शिकवल्याबद्दल वेगळे आभार.

हे सगळं एका कागदावर लिहून आम्ही नव्याने येणाऱ्यांना देणार आहोत. त्याआधी एकदा वाचा, काही चुकलं असेल तर खोडून दुरुस्त करा. गणपतीनंतरच्या रविवारी येतो. थर्मास भरून आणू.

तुमचे,
रविवारी येणारे