चिंगीचा वास घेतल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

चार दिवस झाले तरी तुमच्या दवाखान्यातली ती फरशी डोळ्यांसमोरून हलत नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज नीट निघाला नसता. म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण माझ्या कुत्रीला, चिंगीला पाहून ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्याही हे वाचनात यावं अशी माझी इच्छा आहे. थोडी खुनशी आहे, असू दे.

त्या सकाळी ती कशात लोळून आली होती हे मला ठाऊक नव्हतं. काहीतरी मेलेलं, पाण्यात कुजलेलं. उजव्या कानामागे हिरवट-काळा लगदा, गळ्यातल्या पट्ट्यातही तोच. गाडीच्या चारी काचा खाली करूनही मला वाटेत दोनदा थांबावं लागलं. एका महिन्यातली ही सहावी वेळ. घरातून निरोप स्पष्ट होता: हिच्या डोक्यात काही बिघाड आहे का विचारून ये, नाहीतर हिला कुणाला तरी देऊन टाकू. मी मान डोलावून निघालो होतो, हेही आज कबूल करतो.

बाकावरची माणसं सरकली, एक बाई मांजराची टोपली उचलून लांब गेल्या. मी सवयीने दाराबाहेरच थांबलो, कारण आधीच्या दवाखान्यात तशीच शिस्त होती. तुम्ही आम्हाला आत घेतलंत. तिला टेबलावर चढवायचं सोडून तुम्हीच खाली बसलात, तिच्या मानेशी नाक नेलंत, जवळजवळ टेकवलंत, आणि लांब श्वास घेतलात.

"अगं बाई, मासा का? चांगला मुरलेला दिसतोय. कुठे सापडला गं तुला?"

चिंगीची शेपटी फरशीवर आपटायला लागली. लोळून आल्यावर तिची शेपटी हललेली मी महिनाभर पाहिली नव्हती.

आधीच्यांचं थोडक्यात सांगतो. एका डॉक्टरांनी उंबरठ्यावरूनच तिच्याकडे पाहिलं आणि शाम्पूची बाटली हातात दिली. त्याला फुलांचा असा घमघमाट की अंग पुसून होतंय तोवर चिंगी मातीत उलथीपालथी झाली. (हे ऐकून तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तिच्या नाकाला घाण वाटली ती तुमच्या शाम्पूची.") मग एक प्रशिक्षक भेटले. त्यांना सगळंच ठाऊक होतं. कुत्री तुमच्यावर वर्चस्व गाजवतेय, घरात शिरली की वर्तमानपत्राची सुरळी करून दोन ठेवून द्या, हा त्यांचा उपाय. मी ठेवून दिल्या. त्यानंतर चिंगी हाक मारली की वीस पावलांवर येऊन उभी राहायची आणि तिथून पुढे यायची नाही. मला वाटायचं, हिला अपराध कळतोय.

तुम्ही समजावलंत ते मला अजून टोचतंय. अर्ध्या तासापूर्वीच्या लोळण्याशी ती माराचा संबंध जोडूच शकत नाही. तिने जोडला तो माझ्याजवळ येण्याशी. म्हणजे मी तिला एवढंच शिकवलं होतं की या माणसाजवळ जायचं नसतं.

मग मी तो प्रश्न विचारला, कुत्री असं करतातच का. तुम्ही म्हणालात, "नक्की कुणालाच माहीत नाही." डॉक्टर, माझा विश्वास तुमच्यावर त्या वाक्याने बसला. त्या प्रशिक्षकांना नक्की माहीत होतं ना!

त्या रात्री मी वाचत बसलो. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50–60 लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे 12 ते 30 कोटी. कुजण्याच्या वासामागच्या दोन रसायनांना, प्युट्रेसिन आणि कॅडॅवरिन यांना, लुडविग ब्रीगर नावाच्या जर्मन डॉक्टराने 1885 च्या सुमारास नावं दिली. त्यानेही कुठेतरी नाक खुपसलंच असणार. लोळण्याच्या कारणांचं मात्र खरंच एकमत नाही. शिकारीआधी स्वतःचा वास झाकायचा, ही सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट. पण बंदिस्त लांडग्यांपुढे वेगवेगळे वास ठेवून पाहिले, त्याचा अभ्यास 1986 मध्ये छापून आला, त्यात ते अत्तरात आणि मोटार ऑइलमध्येही अंग घासत होते. कुठलं हरीण मोटार ऑइलच्या वासाला फसणार? तिथे महत्त्वाचा ठरला तो वासाचा नवेपणा. कॅलिफोर्नियातले करडे कोल्हे मात्र प्यूमाने, म्हणजे तिथल्या मोठ्या रानमांजराने, वासाची खूण केलेल्या जागी गाल घासतात. मोठ्या जनावराचा वास अंगावर असला की दुसरे शत्रू दबकत असावेत, असा तिथल्या संशोधकांचा अंदाज. ठिपकेवाल्या तरसांमध्ये तर सडक्या मांसाचा वास लागलेल्या तरसाला बाकीचे जास्त हुंगतात, चाटतात. त्याचा भाव वाढतो!

आणि मग अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या वुल्फ पार्क या लांडग्यांच्या अभ्यासकेंद्रातली पॅट गुडमन यांची निरीक्षणं सापडली. लांडग्याला नवा वास भेटला की तो आधी हुंगतो, मग त्यात लोळतो, मुख्यतः तोंड आणि मानेने. कळपात परत आला की बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात आणि तो वास कसून हुंगतात. कधी कधी त्या मागावर थेट त्या जागेपर्यंत जातात.

इथे मी वाचायचा थांबलो. चिंगी लांडगा नाही आणि तिच्या मनातलं मला कळत नाही. तरी समजा ती खरंच काही सांगायला घरी येत असेल, तर महिनाभर तिला दारात कोण भेटलं? सुरळी घेतलेला मी. आणि मान पुढे करून तिचं म्हणणं हुंगणारं कोण भेटलं? तुम्ही, तेही पहिल्याच भेटीत.

पुढचं सगळं, कान तपासलेत, जंतांचं औषध दिलंत, वास न येणारा शाम्पू लिहून दिलात, ते इथे उगाळत नाही. दोन गोष्टी मात्र कागदावर लिहून भिंतीला लावल्यात. लोळणं आजार नाही, पण मेलेलं खाल्लं तर धोका खरा, त्यातही विष खाऊन मेलेला उंदीर असेल तर ताबडतोब तुमच्याकडे. आणि हाक मारायची ती लोळायला तिचा खांदा खाली झुकायच्या आत. एकदा खांदा टेकला की हाक वाया. आल्यावर शाबासकी, मग ती कशीही येवो.

माझ्या ओळखीत चांगली माणसं पुष्कळ आहेत. वर्गणी देतात, अडीअडचणीला धावतात. पण समोरच्याचा वास येत असताना खाली बसणारी किती, हे मोजायला गेलो तर एका हाताची बोटंही लागत नाहीत. आजारी म्हाताऱ्यांच्या खोलीत तोंडाला रुमाल न लावता जाणाऱ्या एक नर्स मी लहानपणी पाहिल्या होत्या. त्या आठवल्या. तुम्हाला हे फार होतंय असं वाटेल, कारण तुमच्यासाठी ती मंगळवारची एक कुत्री होती. मला चिंगी परत मिळाली, डॉक्टर. तिला देऊन टाकायचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

काल ती पुन्हा लोळली. खांदा झुकायच्या आत हाक मारायची राहिली, चूक माझी. मी हाक मारली, ती वीस पावलांवर थांबली. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो. बराच वेळ गेला. मग एकेक पाऊल टाकत आली आणि मान पुढे केली. मी नाक टेकवलं, लांब श्वास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. मासा नव्हता. शेण होतं बहुतेक, पण कुणाचं ते काही मला ओळखता आलं नाही.

तुम्ही ओळखलं असतंत.

चिंगीचा माणूस