‘मॅरीड विथ’ नव्हे, ‘मॅरीड टू’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मिरजेत कोर्टाबाहेर टेबल टाकून मी 31 वर्षं टायपिंग करतो. आधी रेमिंग्टन होतं, आता संगणक. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं एखादं तरी प्रतिज्ञापत्र रोज असतंच. त्यात एक वाक्य ठरलेलं : ‘आय ॲम मॅरीड विथ’ अमुक अमुक. नाव-बदलाच्या इंग्रजी जाहिराती अधूनमधून आपल्या अंकात येतात, त्यांतही हेच दिसतं, म्हणून हे पत्र.

तिथं ‘विथ’ चूक आहे, ‘टू’ पाहिजे. आव आणत नाही, मीही कित्येक वर्षं ‘विथ’च ठोकत आलो. गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका भाचीचे कागद घेऊन आल्या आणि त्यांनी पडद्यावर नेमकं तिथंच बोट ठेवलं. म्हणाल्या, “अहो, ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ चालतं. म्हणजे लग्न झालंय आणि पदरी दोन मुलं आहेत. नवऱ्याला कशाला त्या मुलांच्या रांगेत बसवताय?” भाची हसली, मी गप्प बसून खोडलं.

मग विचार केला, हे ‘विथ’ येतं कुठून? आपल्याकडे लग्न कुणाशी तरी होतं, भांडणही कुणाशी तरी होतं, आणि ‘शी’ म्हणजे ‘विथ’ हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. भांडणाला ते चालतं, ‘क्वारल विथ’. लग्नाला चालत नाही. साखरपुड्यालाही नाही, तिथंही ‘एंगेज्ड टू’च. ‘शी मॅरीड हिम’ म्हणायचं असेल तर मध्ये काहीच लागत नाही. अर्जदार तिथंही हट्टानं ‘विथ’ घालायला लावतात.

लक्षात ठेवायला मी एक युक्ती काढली. जुनी माणसं विचारतात, “थोरली कुठं दिली?” उत्तर येतं, “तासगावला दिली.” त्या ‘ला’च्या जागी ‘टू’. घरी मुलीला हे सांगितलं तर ती उसळलीच, “बाबा, मुलगी काय वस्तू आहे द्यायला?” तिचं खरं आहे. इंग्रजीत तर नवराही बायकोला ‘मॅरीड टू’च असतो, तिथं कुणी कुणाला देत नाही. पण ‘टू’ तिच्या डोक्यात राहिला, एवढं मात्र झालं.

या एका शब्दापायी कुणाचा अर्ज अडलेला मी पाहिला नाही. तरी आपल्याकडे जाहिरात घेणाऱ्यांनी तेवढा ‘विथ’ काढून ‘टू’ करावा, ही विनंती. माझ्या संगणकातला नमुना मी सुधारला आहे. पण जुना नमुना पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या चार टेबलांना मीच दिला होता. तिथून तो कुठं कुठं गेला असेल, देव जाणे. दोघांनी बदलून घेतला. बाकीचे दोघे म्हणतात, “इतकी वर्षं चाललं की!”

आपला,
एक टंकलेखक, मिरज