आधी कडा, मग कॉर्निया

प्रिय मित्रा,

काल फोन ठेवल्यापासून डोक्यातून तुमचा विषय जात नाही. धाकट्याच्या डोळ्यात चुना उडाल्याला सहा महिने झाले आणि आता कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचं काचेसारखं पारदर्शक आवरण, बदलायचं ठरतंय, असं तू म्हणालास. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

नुसता कॉर्निया बदलायची घाई करू नका. माझं तेच झालं होतं. पट्टी काढली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले आणि मला रडू आवरेना. पण काही महिन्यांतच सगळं पुन्हा धुरकट झालं. आरशात पाहिलं की पांढऱ्या भागातून बारीक लाल शिरा बुबुळावर सरकलेल्या दिसायच्या. खरं दुखणं कॉर्नियाच्या कडेला आहे, हे मला कुणी आधी सांगितलंच नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

काळं बुबुळ संपून पांढरं सुरू होतं ना, त्या कडेला लिंबस म्हणतात. मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, तिथे असतात. कॉर्नियाचा सगळ्यात वरचा थर सारखा झडत असतो आणि आठ-दहा दिवसांत नवा होतो. तो पुरवठा या कडेवरून होतो. शिवाय ही कडा बांधासारखी पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याला अडवून धरते. चुना आत मुरत जातो. त्याने कडा जळाली की बांधच फुटतो. दात्याचा कॉर्निया बसवतात तो मधला गोल तुकडा. त्यात ही कडा नसते, मग वरचा थर येणार कुठून?

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा, की लिंबस किती शिल्लक आहे?

मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून डोळ्यावर बसवण्याचं काम इटलीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दोन रुग्णांवर करून दाखवलं. माझ्यावर झाली ती त्याहून सोपी रीत, स्लेट (SLET), म्हणजे कडेच्या पेशींचं साधं रोपण. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान यांच्या चमूने ती २०१२ मध्ये मांडली. तिला प्रयोगशाळा लागत नाही, पेशी डोळ्यावरच वाढतात.

त्यासाठी चांगल्या डोळ्याच्या कडेचा तुकडा काढावा लागतो. हे ऐकल्यावर मी चक्क उठून निघालो होतो. उरलेल्या एकुलत्या एका डोळ्याला सुरी लावू द्यायची? डॉक्टरबाईंनी मला परत बसवलं आणि कागदावर पेन्सिलीने एक ठिपका काढला. ‘एवढाच,’ म्हणाल्या. जेमतेम दोन मिलिमीटर. कडेचा बाकी सगळा घेर तसाच राहतो, हे पटायला मला तीन आठवडे लागले. धाकटाही इथेच अडेल. त्याला वेळ दे, रागावू नकोस.

शस्त्रक्रियेत आधी बुबुळावर चढलेला पडदा सोलून काढला. त्या जागी गर्भाभोवतीचं पातळ आवरण अंथरलं आणि त्या तुकड्याचे आठ-दहा कण करून त्यावर गोलाकार चिकटवले. टाका नाही, फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा गोंद. वर संरक्षणाला कॉन्टॅक्ट लेन्स. पहिल्या तपासणीच्या फोटोत ते कण पेरल्यासारखे सुटे दिसत होते. पुढे प्रत्येक कणाभोवतीचा थर पसरत गेला आणि एकमेकांत मिसळला.

सगळ्यांचंच असं होतं असं नाही. एका डोळ्याला भाजलेल्या १२५ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात ७६ टक्क्यांचा पृष्ठभाग टिकला होता. डोळ्याची लाली आणि दाह शमायला हवा, पापण्या नीट मिटायला हव्यात, अश्रू पुरेसे हवेत. हे नसेल तर आधी त्याचे उपचार. आतला डाग खोल असेल तर कॉर्निया नंतर बदलावा लागेलही, पण कडा सावरल्यावर तो टिकण्याची आशा जास्त.

माझी नजर पहिल्यासारखी नाही. पण त्या डोळ्याने मी समोरच्याचा चेहरा ओळखतो, आणि उजेडात गेल्यावर आता टोचत नाही.

त्याचे सगळे कागद आणि डोळ्याचे फोटो मला पाठव. पुढच्या तपासणीला मी येतोच. त्याला माझा डोळा जवळून बघायचा असेल तर खुशाल बघू दे.

तुझाच,
मित्र